जिभाऊंनी मोकळी सोडलेली जागा

तळोद्यात कोण गेलं हे कळायला आता मोबाईल चार्ज केलेला असावा लागतो. पूर्वी नुसते कान असले तरी भागायचं. बाकीचं काम सुकलाल जिभाऊ करायचे.

मी हे हळवी होऊन लिहीत नाही, आधीच सांगून ठेवते. जिभाऊ गाव सोडून विसरवाडीला लेकीकडे गेल्यापासून त्यांच्या नावानं उसासे टाकणारे पुष्कळ निघालेत. "काय आवाज होता!" म्हणतात. त्यातल्या निम्म्यांची तोंडं बघितली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. शाळेत शिकवत होते तोवर राग गिळावा लागायचा. निवृत्तीच्या दिवशी शाल आणि नारळ घेतला, आणि ती गिळायची सवय तिथंच ठेवून आले.

जिभाऊंचं घर आमच्या घरासमोर. दारात रिक्षा, रिक्षाच्या टपावर दोन भोंगे, एकाचं तोंड पुढं, एकाचं मागं. माइक हँडलजवळ तारेनं बांधलेला. एका हातानं रिक्षा चालवायची आणि तोंडानं अख्ख्या गावाला दुकानाकडे हाकायचं, हा त्यांचा धंदा. साड्यांचा नवा माल, खताची आलेली गाडी, डोळ्यांचं शिबिर, सर्कस, हरवलेली शेळी, काहीही असो, जिभाऊंना बोलवा. निवडणुकीत तर सकाळी एका पक्षाचा जयजयकार आणि संध्याकाळी दुसऱ्याचा. कुणी टोकलं तर म्हणायचे, "आवाज भाड्यानं देस मी, मत नही."

साधेभोळे वगैरे ते मुळीच नव्हते. भांडखोर होते, आणि आवाजाचा गर्व तर विचारू नका. "मन्हा आवाज सातपुडाले टेकीसन वापस येस," हे ते पाहुण्यांना पाणी द्यायच्या आधी ऐकवायचे. गालात कायम ज्येष्ठमधाची काडी. भर उन्हाळ्यातही पाणी कोमट. लग्नात कुणी आइस्क्रीमचा कप पुढं केला तर वाढणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. डीजेवाल्यांशी तर उभं वैर. एकदा वरातीच्या मधोमध रिक्षा आडवी घालून त्यांनी डीजेवाल्याला सुनावलं होतं, "तुन्हं मशीन बोंबलस. मी बोलस." नवरदेव घोड्यावर ताटकळला, पण जिभाऊ वाक्य पूर्ण केल्याशिवाय हलले नाहीत.

घरी मात्र मौन. गळ्याला आराम पाहिजे म्हणून. त्यांची बायको, वैजंतावहिनी, ओट्यावर भांडी घासता घासता मला मुद्दाम मोठ्यानं ऐकवायच्या, "बाई, गावन्या बायासले नाव लिसन हाका मारस हाऊ मानोस. माले मातर नुसता बोट दखाडस. मीठ दे, पानी दे." आत बसलेले जिभाऊ यावर फक्त खाकरायचे. "दखा, उत्तर दिधं," वहिनी म्हणायच्या, आणि आम्ही दोघी हसायचो.

बायकांना नाव घेऊन हाका मारायचं प्रकरण खरं होतं. जिभाऊ सगळ्या गावात एकच जाहिरात कधी करत नसत. गल्ली बदलली की जाहिरात बदलायची. आमच्या गल्लीत शिरले की भोंग्यावरून यायचं, "पुष्पाबाई! तुम्हना आंडोरनं लगीन जमनं म्हने! मंग शालू काय सुरतहून लई येशात का? मिश्रीसेठना दुकानमा चाला!" मुलाचं लग्न असं गावभर झालेलं ऐकून पुष्पाबाई घरात लाजून लाल, आणि तासाभरात दुकानात. पण ज्या घरात पोरगी सासरहून भांडून माहेरी आलेली असेल, त्या घरावरून जाताना बटण बंद. रिक्षा मुकाट पुढं जायची आणि पुढच्या कोपऱ्यावर पुन्हा सुरू व्हायची. कुणाच्या दारावर काय बोलायचं आणि कुणाच्या दारावर तोंड मिटायचं, हे त्यांना सगळं तोंडपाठ होतं. पुढं मिश्रीसेठचा नातू रौनक सुरतेहून मार्केटिंग शिकून आला आणि मला समजावू लागला की बाई, आता मोबाईलमुळे ज्याला जे पाहिजे त्यालाच ती जाहिरात दाखवता येते. मी म्हटलं, बाळा, आणि ज्याला दुखेल त्याला दाखवायची नाही, हे तुझ्या मोबाईलला येतं का? तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतेय.

पण जिभाऊंचं खरं काम वेगळंच होतं, आणि त्याचे ते चहासुद्धा घेत नसत. गावात कुणी गेलं की घरचा माणूस आधी जिभाऊंकडे यायचा, मग नातेवाइकांकडे. जिभाऊ अंघोळ करायचे, पांढरा सदरा घालायचे, डोक्यावरची टोपी काढून शेजारच्या सीटवर ठेवायचे आणि माणूस चालेल त्या वेगानं रिक्षा गावभर फिरवायचे. जाहिरात अहिराणीत, पण मयताची खबर शुद्ध मराठीत, हा त्यांचा नियम. कारण विचारलं तर म्हणायचे, "देवना हापिसमा अहिरानी चालत नही, बाई. तठे कागद शुद्ध लागस." मग प्रत्येक चौकात तेच शब्द. कळवण्यास अत्यंत दुःख होते की, आपल्या गावातील अमुक यांचे आज दुःखद निधन झाले आहे. अंत्ययात्रा राहत्या घरापासून इतक्या वाजता निघेल. तरी सर्वांनी यावे. त्यातल्या 'सर्वांनी' या शब्दावर ते असा भार द्यायचे की घरात बसलेल्याला आपलंच नाव घेतल्यासारखं वाटायचं. माणसं हातातलं काम टाकून निघायची.

आणि मयताची खबर फिरवली की अंत्ययात्रा परत येईपर्यंत एकाही दुकानाची जाहिरात नाही. एकदा ऐन लगीनसराईत, बाजाराच्या दिवशी, मिश्रीसेठच्या कापड दुकानात मोठा माल आला होता. तळोद्याच्या त्या पेठेत सेठचं दुकान म्हणजे पिढ्यांचं. पहाडातून जीपा भरून माणसं उतरत होती, आणि नेमका त्याच सकाळी बाजारातला एक म्हातारा हमाल गेला. जिभाऊंनी सेठची जाहिरात बाजूला ठेवली आणि हमालाची खबर सुरू केली. सेठ भर रस्त्यात आडवे आले. "जिभाऊ, आज मन्हा बाजार शे!"

"आज त्यानं मयत शे," जिभाऊ माइक हातानं झाकून म्हणाले आणि पुढं निघाले.

सेठ खूप बडबडले. पुन्हा या माणसाला काम देणार नाही म्हणाले. दुपारी मात्र अर्धं शटर ओढून, पांढऱ्या कापडाचा कोरा तागा बगलेत मारून, हमालाच्या झोपडीसमोर गुपचूप येऊन उभे राहिले. आठवड्यानं जिभाऊंना पुन्हा काम मिळालं. दोघं एकमेकांना शिव्या देत म्हातारे झाले.

मग मोबाईल आले. हातात आले ते ठीक, पण नंतर ते दुकानांतून, दवाखान्यांतून, खताच्या गोदामांतून नाचू लागले. नंदुरबारचा मिरचीचा व्यापारी लाल ढिगाऱ्यात उभा राहून डोळ्यांवर गॉगल लावून भाव सांगू लागला. खतवाला गाण्यावर हात हलवू लागला. जीपवाल्यांचे ग्रुप झाले. सगळंच वाईट म्हणायला मी काही आंधळी नाही. पहाडातल्या एका बाईचं आमचूर मोबाईलमुळे पुण्याला जातं, तिचं मला कौतुक आहे. तिच्या हातच्या मालाचा फोटो ती स्वतः काढते, स्वतः बोलते. माझा राग आहे तो दुसऱ्याच्या तोंडचं काढून आपल्या दुकानाच्या दारात टांगणाऱ्यांवर.

जिभाऊंचं काम आटलं. सर्कस येईनाशी झाली, शिबिरं ग्रुपवर जाहीर होऊ लागली, पुष्पाबाईंची सूनसुद्धा मोबाईलमध्ये बघून साड्या मागवू लागली. जिभाऊ ओट्यावर बसून ज्येष्ठमध चघळत राहायचे. अशात एक दिवस ते इस्त्रीचा सदरा घालून निघाले. म्हटलं, "जिभाऊ, कोठे?"

"रौनकनी बलायेल शे. मन्हा आवाज भरी ठेवस म्हने दुकानमा. वारसा म्हने!" छाती अशी फुगली होती की सदऱ्याची बटणं ताणली होती.

परत आल्यावर त्यांनी मला सगळं सांगितलं. दुकानाच्या मागच्या खोलीत रौनकनं माइक लावला होता. सेलची जाहिरात भरली, सर्कशीची भरली, हरवलेल्या पोराची भरली. मग रौनक म्हणाला, ते दुःखद निधनवालंही होऊन जाऊ द्या. जिभाऊ अडले. नाव कुणाचं घ्यायचं? रौनक म्हणाला, घ्या कुणाचंही, नुसता नमुना तर आहे.

"जित्ता मानोसनं नाव मी कसं लेऊ, बाई?" जिभाऊ मला म्हणाले. "या तोंडतून नाव निंघनं की गाव चपला घालस. मी नावनी जागा मोकळी सोडी दिधी. तेवढा श्वास लिधा, आनि पुढलं बोलनू."

आपण केवढी काळजी घेतली याचा त्यांना अभिमान वाटत होता. मलाही ते बरोबरच वाटलं.

त्या मोकळ्या जागेत रौनकनं भरलं 'महागाई'.

ती रील तुम्हीही पाहिली असेल, सुरतेपासून भुसावळपर्यंत सगळ्यांनी पाहिली. बांबूची तिरडी, तिच्यावर दुकानातला प्लास्टिकचा पुतळा, गळ्यात झेंडूची माळ. दुकानातल्या पोरी पदर तोंडाला लावून खोटं रडताहेत. वर जिभाऊंचा आवाज, जसाच्या तसा, गंभीर. कळवण्यास अत्यंत दुःख होते की, आपल्या गावातील, आणि मध्येच एका पोरीचा चिरका आवाज, "महागाई!", यांचे आज दुःखद निधन झाले आहे. मग ढोल वाजतो, पुतळा उठून बसतो, साड्यांचे भाव झळकतात, आणि जिभाऊंचं 'सर्वांनी यावे' ठेक्यात तोडून तोडून वाजतं. सर्वांनी, सर्वांनी, सर्वांनी यावे.

दुकानात गर्दी लोटली. पण ते तिथं थांबलं असतं तर निदान एक दुकान म्हणून सोडून दिलं असतं. तो आवाज आता कुणीही उचलून आपल्या व्हिडिओला चिकटवू शकत होता. कुणी परीक्षेचं निधन केलं, कुणी हरलेल्या क्रिकेट टीमचं, कुणी आपल्या प्रेमाचं. नवापूरच्या हॉटेलवाल्यानं भुकेचं केलं. आमच्या गल्लीत पोरं उशीला झेंडू घालून अंत्ययात्रा खेळू लागली आणि त्यांच्या आया कौतुकानं त्याचंही चित्रीकरण करू लागल्या. कुण्या एका माणसाला आपण हे काय करतोय असं वाटलं असेल, तर तो माझ्या पाहण्यात आला नाही.

जिभाऊंनी ते चहाच्या टपरीवर परक्या माणसाच्या मोबाईलवर पाहिलं. त्या दिवशी समोरच्या घरातून मी प्रथमच जिभाऊंचा चढलेला आवाज ऐकला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात आले. "बाई, तुम्ही चाला संगे. तुम्हले त्यासनी भाषा समजस."

दुकानात शिरलो तर रौनकनं टाळ्याच पिटल्या. "जिभाऊ! तुम्ही तर व्हायरल आहात! या, एक सेल्फी होऊन जाऊ द्या!"

"काढ ते," जिभाऊ म्हणाले.

"काढतो ना. आमच्या पेजवरून आत्ता काढतो. पण ऑडिओ लोकांनी घेतलाय, जिभाऊ. आता ते माझ्या हातात नाही."

"मन्हा तोंडमजारलं तुन्हा हातमा उनं कसं पहिले?"

तोंडातलं हातात आलंच कसं, हे ऐकून रौनकनं मोबाईल खिशात घातला. मग म्हणाला, अहो, कुणाचं नाव तर घेतलं नाही, महागाईच मेली ना, तुम्हालाही काहीतरी देऊ की. हे पोरगं दुष्ट नव्हतं. दुष्ट असतं तर मला राग आवरता आला असता. आपण काय मोडलं हे त्याला दिसतच नव्हतं, आणि त्याच्याकडे बघून माझे हात शिवशिवत होते.

कोपऱ्यात गादीवर मिश्रीसेठ बसले होते. अंग एका बाजूनं गेलेलं, कान पार बंद. आमची तोंडं बघून त्यांना काहीतरी बिनसलंय एवढं कळलं. "काय व्हयनं?" ते विचारत राहिले. "जिभाऊ, काय व्हयनं?"

जिभाऊ त्यांच्याजवळ गेले, कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "काही नही, सेठ. गळा बसना मन्हा."

त्यानंतर काही महिन्यांनी वैजंतावहिनी गेल्या. छातीचं दुखणं होतं, दोनदा नंदुरबारला नेऊन आणलं होतं. बाजाराच्या दिवशी सकाळीच गेल्या. विसरवाडीहून लेक निघाली. भाचा म्हणाला, "मामा, मी ग्रुपवर टाकी देस."

जिभाऊंनी वर पाहिलं. "बठ्ठा गावले मी पोहचाडं. मन्ही बायको मोबाईलवर जाई का?"

त्यांनी अंघोळ केली, पांढरा सदरा घातला, टोपी काढून सीटवर ठेवली. आम्ही सगळ्यांनी अडवलं. पण तो माणूस ऐकणारा नव्हता आणि खरं सांगायचं तर वहिनींना दुसऱ्या कुणी पोहोचवणं मलाही पटलं नसतं.

वहिनी सवाष्ण गेल्या, म्हणून त्यांना हिरवी साडी, बांगड्या, फुलं पाहिजे होती. ती आणायला मी बाजारात गेले. फुलवाल्यापाशी उभी होते तेव्हा पेठेच्या तोंडाशी भोंगा ऐकू आला. कळवण्यास अत्यंत दुःख होते की. आवाज जरासुद्धा कापत नव्हता. चाळीस-पन्नास वर्षांचा सराव होता तो, जसा हमालासाठी तसा बायकोसाठी. हुबेहूब रीलमधला.

आणि पेठ हसली.

आधी बांगडीवाल्यांच्या रांगेतून खसखस आली, मग टपरीवरून. माणसं दुकानांतून बाहेर आली, हातात मोबाईल, चेहऱ्यावर हसू. "नवी रील उनी वाटस!" कुणीतरी ओरडलं. "वैजंताबाई म्हंजे कोनतं नवं दुकान शे रे?" दुसऱ्यानं विचारलं. "जिभाऊ, कितला टक्का सूट?" जिभाऊ 'तरी सर्वांनी' म्हणाले आणि चारी बाजूंनी लोकांनी ठेका धरला, सर्वांनी, सर्वांनी, सर्वांनी यावे.

जिभाऊंना पहिल्यांदा कळलंच नाही. त्यांना वाटलं नीट ऐकू गेलं नाही. त्यांनी रिक्षा थांबवली आणि पुन्हा, सावकाश, एकेक शब्द सुटा करून सगळं म्हटलं. हसू वाढलं. मोबाईल आणखी जवळ आले. मग त्यांनी ते शुद्ध मराठी सोडलं. माइक तोंडाला टेकवून म्हणाले, "मन्ही बायको मरी गयी रे. मन्ही वैजंता मरी गयी."

मयताची खबर जिभाऊंच्या तोंडून अहिराणीत गावानं कधी ऐकली नव्हती. अहिराणीत ऐकली होती ती फक्त जाहिरात. त्या वाक्याला पेठेत सगळ्यात मोठा हशा झाला. एक जण पोट धरून खाली बसला.

मी ओरडत होते. कुणाला ऐकू येत होतं? माझ्या शेजारी एक चांगले कपडे घातलेला बाप्या मोबाईल उंच धरून चित्रीकरण करत होता. मी तो त्याच्या हातातून ओढला आणि गटारीत टाकला. मग तो माझ्याशी भांडू लागला. मोबाईल केवढ्याचा होता ते सांगू लागला. मी हिरवी साडी छातीशी धरून त्याच्या तोंडावर म्हटलं, ही तिच्यासाठी आहे, ती घरात पडली आहे, समजलं? तेव्हा त्याचं तोंड मिटलं. तोवर जिभाऊंची रिक्षा पेठेतून निघून गेली होती, भोंगा बंद करून.

वहिनींना न्यायला गल्लीतली माणसं आली आणि विसरवाडीचे पाहुणे आले. खांदा बदलायलाही माणूस नव्हता. ज्या पेठेला जिभाऊंनी आयुष्यभर इतरांच्या दारी पोहोचवलं, ती त्या दुपारी मालाचा भाव करत होती. संध्याकाळी गावाला कळलं. मग दुपारपर्यंत ज्यांनी पेठेतला तो व्हिडिओ हसऱ्या तोंडांची चित्रं लावून पुढं धाडला होता, त्यांनीच जोडलेल्या हातांची चित्रं लावली. रौनकच्या दुकानानं 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकली. वर वहिनींचा फोटो, खाली दुकानाचं नाव आणि पत्ता. मला ती कुणीतरी दाखवायला आणली. मी त्याला पायरीसुद्धा चढू दिली नाही.

दहाव्यापर्यंत लोक येत राहिले. सगळ्यांचं एकच. "आम्हले वाटनं रील शे, जिभाऊ." एक जण तर म्हणाला, मोबाईलवर टाकलं असतं तर खरं वाटलं असतं. जिभाऊ सगळ्यांना चहा द्यायला सांगायचे आणि भिंतीकडे बघत बसायचे. भोंगे त्यांनी स्वतः पाना घेऊन सोडवले. रिक्षात प्रवासी बसवू लागले. कुणी कुठं जायचं ते सांगितलं की मान हलवायची, बस.

मिश्रीसेठ गेले त्या सकाळी मी अंगण झाडत होते. रौनक अनवाणीच आला आणि जिभाऊंच्या ओट्यापाशी उभा राहिला. जिभाऊ खाटेवर बसलेले होते.

"जिभाऊ, दादाजी गेले. पहाटे."

जिभाऊंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मग म्हणाले, "ग्रुपवर टाक."

"टाकलं. सगळ्यांनी हात जोडलेले पाठवले. आलं कुणी नाही अजून. आणि दादी ऐकत नाही. म्हणते जिभाऊंचा आवाज गावात फिरल्याशिवाय अर्थी उठणार नाही."

"तो आवाज मन्हाकडे नही शे आते. तुन्हाकडे शे. वाजाड."

रौनक तिथंच ओट्यावर बसला आणि रडू लागला. मला दया आली नाही. वहिनींची हिरवी साडी हातात घेऊन मी पेठेत उभी होते, ते मला दिसत होतं. आता जिभाऊ दार लावतील, असं मला वाटलं. मी लावलं असतं, आणि कडीही घातली असती.

जिभाऊ उठले, टोपी घातली आणि पायऱ्या उतरले. रिक्षाकडे पाहिलंसुद्धा नाही. "सेठना करता चालस मी," ते म्हणाले. "पायी. घर-घर. आनि तू बोलशी, मी नही."

पहिलं घर माझंच. रौनक माझ्यासमोर उभा राहिला. शब्द जुळवायला त्याला वेळ लागला. "बाई, दादाजी गेले. दुपारी नेणार आहोत. तुम्ही या." मी मान हलवली. त्याच्याशी बोलायची माझी इच्छा नव्हती.

मग ते शेजारच्या दारात गेले. पुष्पाबाईंची सून दात घासत बाहेर आली. दारात रौनक आणि त्याच्यामागं जिभाऊ, अशी जोडी बघून तिनं ब्रश मागं लपवला, पदरानं तोंड पुसलं, केस सारखे केले. रौनक म्हणाला, "वहिनी, दादाजी गेले." ती हसली. त्याच्या खांद्यावरून गल्लीत इकडं-तिकडं बघत म्हणाली, "कॅमेरा कोठे शे, रौनकभाऊ?"

रौनकनं मागं वळून जिभाऊंकडे पाहिलं. जिभाऊ काही त्याच्या मदतीला आले नाहीत.

"परत सांग तिले," ते म्हणाले.

त्यानं परत सांगितलं. ती अजून हसतच होती, पण थोडी गोंधळली होती. कोणत्या बाजूला तोंड करून उभं राहायचं ते तिला कळत नव्हतं.

"परत सांग."

तिसऱ्या वेळी रौनकच्या तोंडून शब्दच निघेनात. त्यानं दाराची चौकट धरली आणि नुसतं "मन्हा दादाजी" एवढंच म्हणून तो थांबला. आयुष्यात प्रथमच मी त्याला अहिराणी बोलताना ऐकलं. तेव्हा कुठं त्या पोरीचा हात केसांवरून खाली आला. जिभाऊंनी टोपी काढून हातात घेतली.

"चाल," ते म्हणाले. "पुढलं घर."

मी दाराला कुलूप लावून सेठच्या घराकडे निघाले. मागं वळून पाहिलं तेव्हा ते दोघं तिसऱ्या घराच्या दारात उभे होते, रौनक पुढं, जिभाऊ त्याच्या मागं, आणि आतून कुणीतरी मोबाईल उंच धरून बाहेर येत होतं.